विश्लेषण : गाडीची चाके घरीच रंगवावीत का? रंग कुठे द्यायचा नाही, हे आधी कळायला का हवे?

खंडेनवमीला गाडी धुऊन चाकाला झेंडूची माळ अडकवायला खाली वाकले, की पावसाळ्याची करामत दिसते. लोखंडी चाकावर नटांभोवती तांबूस गंजाचे कडे, अलॉय चाकावर पांढुरके डाग आणि कुठे कुठे सुटलेले पापुद्रे. मग मोबाइलवर एखादी चित्रफीत समोर येते. स्प्रेचे तीन डबे, काचपेपरचा तुकडा, मागे जोरकस संगीत आणि दीड मिनिटात जुनाट चाके काळीभोर, चकचकीत. रविवार मोकळाच असतो. रंगाचे दुकानही जवळ असते.

हे काम घरी करावे का, तर माझे उत्तर ‘हो’ असे आहे. लोखंडी चाकांचे तर जरूर करावे. पण या चित्रफिती चाकाची दर्शनी बाजू दाखवतात आणि धोका बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो. रंग ओघळला, खरखरीत बसला, तर फार तर शेजारी हसतील. रंग नको तिथे लागला किंवा त्याने नको ते झाकले, तर प्रकरण गाडीतल्या माणसांच्या जिवाशी येते. म्हणून आधी थोडे चाकाविषयी.

चाकांचा रंग एवढ्या लवकर का जातो?

आपण ज्याला सर्रास ‘डिस्क’ म्हणतो, ते लोखंडी चाक दोन भागांचे असते. मधली तबकडी आणि भोवतीची रिम, दोन्ही पोलादी पत्र्याच्या, वेल्डिंगने जोडलेल्या. कारखान्यात हे चाक रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात. त्यामुळे सांध्याच्या फटीतही रंग पोहोचतो. हा थर टिकाऊ असतो, पण नटावर पाना फिरताना खरवडला जातो, टायरवाल्याच्या यंत्रात रिमची कड घासली जाते आणि तिथून पाणी आत शिरते. लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो आणि बाजूचा धडधाकट रंगही उचलतो. व्हील कॅप लावलेली असेल, तर तिच्यामागे चिखल ओलाच राहतो. कॅपमुळे चाक सुरक्षित राहते हा समज खरा नाही. कॅपमुळे गंज फक्त दिसत नाही.

अलॉय चाक ॲल्युमिनियमचे ओतीव असते. त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळलेले असते. ते तांबूस गंजत नाही, पण वरच्या पारदर्शक थराला चीर पडली की खाली पांढरी भुकटी धरते. ती अळी चालावी तशी वेड्यावाकड्या रेषांनी पसरत जाते. अलिबागपासून गुहागरपर्यंत वाळूवर गाडी उतरवणाऱ्यांच्या चाकांवर ही नक्षी हमखास सापडेल. समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने चाके आतून-बाहेरून धुतली, तर निम्मे नुकसान टळते, पण आपण धुतो ते बॉनेट.

तिसरा शत्रू ब्रेकची भुकटी. ब्रेक लावल्यावर पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाचे तापलेले सूक्ष्म कण उडतात, चाकाच्या रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त काळवंडतात ती यामुळे, कारण ब्रेकचा मुख्य भार पुढे असतो.

कोणती चाके घरी रंगवण्याजोगी?

लोखंडी चाके, निःसंशय. पत्रा जाड, आकार सोपा, आणि दुकानात सहज मिळणारा रेड ऑक्साइड प्राइमर त्यावर चांगला बसतो.

साध्या रंगाची, म्हणजे सगळी चंदेरी किंवा सगळी काळी अलॉय चाकेही जमतात, पण त्यांना रेड ऑक्साइड चालत नाही. ॲल्युमिनियमवर हवेतच एक गुळगुळीत, अदृश्य थर तयार होतो आणि त्यावर साधा प्राइमर धरत नाही. काही महिन्यांत उन्हात भाजलेल्या पापडासारखे पापुद्रे सुटतात. त्यासाठी एच प्राइमर किंवा वॉश प्राइमर या नावाने मिळणारा, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्राइमर घ्यावा. दुकानदाराला ‘ॲल्युमिनियमवर मारायचा आहे’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘गाडीसाठी’ म्हटले की हातात रेड ऑक्साइडच येतो.

डायमंड कट चाकांना मात्र घरी हात लावू नये. त्यांचा तो चमकदार चेहरा लेथवर कापून काढलेला असतो. काचपेपर लागला की ती चमक गेलीच आणि कोणत्याही डब्यातून ती परत येत नाही. सगळे चाक एका रंगाचे करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

रंगाची हौसच असेल आणि चाके मुळात चांगली असतील, तर सोलून काढता येणारा रबरी रंग हा बरा मार्ग आहे. कंटाळा आला की कातडी सोलावी तसा तो निघतो. त्याचे पातळ दोनच हात मारले, तर मात्र सोलताना तुकडे-तुकडे होतात. पाच-सहा हात हवेत.

चाकांच्या रंगासाठी आरटीओत जावे लागते का, असेही काही जण विचारतात. आरसीवर नोंद असते ती गाडीच्या बॉडीच्या रंगाची. चाकांच्या रंगाचा तिथे उल्लेख नसतो.

तयारीला दिवस आणि रंगाला तासच का?

कारण रंग शेवटी खालच्या थरालाच चिकटतो आणि तो थर सुटा असेल, तर वरचे सगळे व्यर्थ. चाक गाडीवरून काढायचे, हे पहिले. चाक गाडीलाच ठेवून मागे वर्तमानपत्र खोचून स्प्रे मारणारे पाहिले आहेत. त्या फवाऱ्यातला थोडा रंग ब्रेक डिस्कवर जातोच. शिवाय चाकाची आतली बाजू तशीच गंजत राहते.

चारही चाके एकदम काढून गाडी विटांवर चढवू नका. एक चाक काढा, त्या जागी स्टेपनी लावा, गाडी खाली उतरवा. ते चाक सावकाश रंगवा, वाळले की दुसरे घ्या. चार रविवार जातील, पण जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणाचे मूल चेंडू आणायला शिरणार नाही. स्टेपनी लहान मापाची असेल, तर त्या काळात गाडी जागेवरच उभी ठेवावी.

मग धुणे. भांड्याच्या साबणाने, आतून-बाहेरून, दोनदा. टायर चमकवायला लावतात त्या सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश राहिला, तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. तो थिनरच्या फडक्याने पुसावा आणि फडके वरचेवर बदलावे. लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० किंवा १२० नंबरच्या पेपरने मूळ धातू दिसेपर्यंत काढावा. सांध्यातला निघतच नसेल, तर गंजाला काळ्या स्थिर थरात बदलणारे रस्ट कन्व्हर्टर मिळते, ते लावावे. अलॉयवर लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नव्या रंगाखाली डाग उमटतात. शेवटी ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवावा. जुना रंग कोरडा घासू नये हे बरे, कारण जुन्या औद्योगिक रंगांत शिसे असू शकते आणि ती धूळ घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती.

टायर झाकण्याची एक युक्ती जगभर चालते : पत्त्यांचा कॅट. टायर आणि रिमच्या फटीत एकेक पान खोचत गोल पूर्ण करायचा. आपल्याकडे त्याहून स्वस्त माल घरोघरी असतो, तो म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. हवा भरायच्या व्हॉल्व्हला चिकटपट्टी गुंडाळायला मात्र विसरू नका.

प्राइमरचे दोन पातळ हात, रंगाचे तीन, वर पारदर्शक थराचे दोन. डबा २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर, हात सतत हलता, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. पहिल्या हातात खालचे दिसतच राहते. ते झाकायच्या घाईत दुसरा हात जाड पडतो आणि ओघळ येतो. घाईने बिघडलेली चाके मी जितकी पाहिली, तितकी वाईट रंगाने बिघडलेली पाहिली नाहीत.

पावसाळ्यात रंग पांढुरका का पडतो?

थिनर उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठभाग गार पडतो. सँडपट्टीवर स्पिरिट लावल्यावर थंड वाटते, तसेच. हवा दमट असेल, तर त्या गार थरावर बाष्प जमते, रंगात अडकते आणि काळा रंग राख फासल्यासारखा दिसू लागतो. मुंबई-कोकणात जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत हे काम काढूच नये. नाशिक-पुण्याकडे थंडीत पहाटे दव असते, म्हणून तिथे सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ चांगली. विदर्भात मे महिन्याच्या उन्हात उलटा प्रकार होतो. फवारा चाकापर्यंत पोहोचेतो निम्मा वाळतो आणि थर काचपेपरसारखा खरखरीत बसतो.

रंग कुठे लागता कामा नये?

हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्यांदा चाके रंगवली तेव्हा ‘एक इंचही सुटता कामा नये’ अशी जिद्द होती. पुढून, मागून, नटांच्या भोकांत, सगळीकडे मनसोक्त रंग. पुढच्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट ओलांडल्यावर डाव्या बाजूने टक्‌ टक्‌ आवाज यायला लागला. टायरमध्ये खडा अडकला असेल म्हणून चार-पाच किलोमीटर तसेच काढले. मग ढाब्यावर थांबून पाहिले, तर एक नट बोटांनी फिरत होता आणि उरलेले पान्याच्या हलक्या धक्क्याने. नट मीच जोर लावून आवळले होते. गाडीत आई मागच्या सीटवर डुलकी काढत होती.

झाले होते ते असे. नट आवळतो तेव्हा तो बोल्टला किंचित ताणतो. ताणलेले रबर जसे आक्रसायला पाहते, तसा बोल्टही, आणि त्या ओढीनेच चाक हबवर घट्ट दाबून राहते. हा ताण मिलीमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो. हाताने मारलेल्या रंगाच्या चार-पाच थरांची जाडीही तेवढीच, किंबहुना जास्त. नटाखाली आणि चाक-हबच्या मध्ये असा मऊ रंग असेल, तर ब्रेकच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी तो दबतो, सरकतो. रंग जेवढा बसला, तेवढा बोल्टचा ताण गेला. आवळताना पूर्ण घट्ट लागलेला नट शंभर किलोमीटरवर सैल होतो तो असा. कारखान्यातही या जागी थर असतो, पण तो अत्यंत पातळ आणि भट्टीत भाजून कडक केलेला.

म्हणून दोन जागा आधीच चिकटपट्टीने झाकायच्या. नट ज्या निमुळत्या खळग्यात बसतो तो खळगा, आणि चाकाची मागची सपाट जागा, जी हबला टेकते. तिथला गंज ब्रशने साफ करायचा आणि तसेच सोडायचे. टायरची कड रिमवर बसते, तिथेही जाड रंग नको. नाही तर हवा हळूहळू झिरपत राहते आणि पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही.

नट आवळताना समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. किती घट्ट, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. बहुतेक छोट्या गाड्यांसाठी हा आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पान्यावर उभे राहून उड्या मारणे ही आपल्याकडची रीत बोल्टला कायमचा ताणून कमजोर करते. टॉर्क पाना नसेल, तर रंग वाळल्यावर टायरवाल्याकडे जाऊन त्याच्याकडून मोजून आवळून घ्या, एअर गनने नव्हे. मग ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

तडा रंगाखाली गेला तर?

खड्ड्यात आपटल्यावर लोखंडी चाक सहसा वाकते, अलॉय तडकू शकते. हा तडा बहुधा आतल्या कडेला असतो, जिथे आपले लक्ष जात नाही. चाक गाडीवरून काढून स्वच्छ धुतलेले असते, तो क्षण म्हणजे ते तपासण्याची वर्षातली एकमेव संधी. आतली कड बोटाने पूर्ण गोल फिरवून पाहावी. नखाला अडकणारी केसासारखी रेघ दिसली, तर ती खरवडा समजून पुढे जाऊ नका. पंक्चर नसताना हवा कमी होत असेल, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. तडा असेल, तर तिथेच काम थांबवायचे आणि चाक बदलायचे. लांबी भरून, पेपर मारून, वर रंग दिला की तो तडा पुढे कुणालाच दिसणार नाही. गाडी विकत घेणाऱ्यालाही नाही.

तडकलेले अलॉय वेल्डिंग करून देणारे पुष्कळ आहेत आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. या चाकांची ताकद नुसत्या धातूतून येत नाही. ओतल्यानंतर ती साधारण ५४० अंशांवर तापवून, एकदम गार करून, पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात, तेव्हा ती येते. वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारचा भाग ही कमावलेली ताकद गमावतो. वरून रंग दिलेले असे चाक नव्यासारखे दिसते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी ‘रिफर्बिश’ केलेली चकचकीत चाके म्हणूनच घ्यायची नाहीत. घ्यायचीच असतील, तर आतली बाजू रंगवलेली नसलेली घ्यावीत. आतली बाजू नुकती रंगवलेली दिसली, तर ती का, असा प्रश्न विचारावा.

याच कारणाने घरच्या ओव्हनमध्ये रंग भाजणे किंवा ब्लो टॉर्चने वाळवणे नको. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे भाजतात आणि मोजलेल्या तापमानाच्या भट्टीत ते ठीक आहे. टॉर्चच्या ज्वाळेला मोजमाप नसते. टायर चढवलेला असताना तर ज्वाळा जवळही आणू नये, आतली हवा तापून टायर फुटू शकतो.

दोन घटक मिसळून कडक होणारा, ‘टू-के’ नावाने मिळणारा पारदर्शक थर सर्वात टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची वाफ श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या कार्यशाळेत कारागीर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतात. कोविडच्या काळातला उरलेला मास्क त्यासाठी निरुपयोगी आहे. घरी साधा, एका घटकाचा थर मारावा आणि तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल हे मान्य करावे. जुना रंग काढायच्या रसायनांबाबतही सावध राहायला हवे. त्यांतल्या मिथिलीन क्लोराइडने बंद जागेत माणसे दगावल्यानंतर अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी ते विकायला बंदी केली. आपल्याकडे असे रसायन हाती आले, तर ते न्हाणीघरात उघडू नका. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, जिथे वर कुणाची तरी खिडकी उघडी असते, तिथे स्प्रेही मारू नये. गच्ची किंवा मोकळे अंगण बरे. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळ उदबत्तीसुद्धा नको.

खर्चात खरेच बचत होते का?

एक डबा साधारण २०० ते ४०० रुपयांना येतो. चार चाकांना प्राइमर, रंग आणि पारदर्शक थर मिळून सहा-सात डबे लागतात. चित्रफितीतले तीन पुरत नाहीत. पेपर, थिनर, चिकटपट्टी धरून दीड ते तीन हजारांचा खर्च. लोखंडी चाकांसाठी हा सौदा चांगला आहे, कारण मजुरीच्या जागी आपले रविवार जातात आणि आतली बाजूही नीट होते. अलॉयसाठी बचत कमी आणि निराशेची शक्यता जास्त. तिथे चांगल्या कार्यशाळेतून पावडर कोटिंग करून घ्यावे, मात्र देण्याआधी आतली कड स्वतः तपासावी. टायर काढलेला असेल, तर परत चढवल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावेच लागते. ते न केल्यास ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि दोष बिचाऱ्या रंगावर येतो.

स्प्रेचा हात दोन-तीन तासांत सुकल्यासारखा वाटतो, पण आतून कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर प्रेशरच्या पाण्याने धुणे, टायरला पॉलिश लावणे टाळावे. शेवटचा हात मारून झाला की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारावा. नळी तुंबत नाही आणि उरलेला रंग स्टेपनीसाठी कामी येतो. बऱ्याच गाड्यांत ती डिकीच्या गालिच्याखाली असते, कुठे गाडीच्या पोटाखाली टांगलेली. बाहेर काढल्यावर पाचही चाकांत सर्वात जास्त गंज तिच्यावरच निघतो, असा माझा अनुभव आहे. हवा तर बहुतेक वेळा नसतेच.